अष्टमीची बैठक

हिराबाय गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास, वसईच्या कोळीवाड्यातल्या आपल्या घरी वारल्या. पंचमी होती, ओहोटी लागली होती. मुलाचा, नरेशचा, फोन आला. "आय गेली," एवढंच तो म्हणाला. फोनवर मागे होडीच्या यंत्राचा आवाज दूर दूर जात होता.

त्यांची माझी ओळख बातमीमुळे झाली. खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तुटत होती, भुईगावच्या बागायती वाड्यांतल्या विहिरी मचूळ होऊ लागल्या होत्या आणि कोळ्यांच्या जाळ्यात मासळीची नुसती पिल्लं येत होती. वनखात्याने सगळ्यांची मिळून समिती नेमली आणि पहिली बैठक ठेवली ती नेमकी पौर्णिमेला. पौर्णिमेला उधाण, पाण्याला जोर. कोळी त्या दिवशी समुद्रात असतो. वाडीवाले आले, अधिकारी आले, आणि खाडीतली मासेमारी पूर्ण बंद करण्याचा ठराव लिहूनही झाला. तेवढ्यात हिराबाय मासळीच्या टोपलीसकट दारात उभ्या राहिल्या. "सायेब, पुनवेला कोली घरात गावतो काय? लगीन लावलंत आनि नवऱ्यालाच बोलावलं नाय!" भुईगावचे वाडीवाले अंतोनकाका सगळ्यांत मोठ्याने हसले. ठराव तिथेच फाडला गेला.

अष्टमी त्यांनीच सुचवली. अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाण्याची ओढ मंदावते, जाळं टाकून फारसं हाती लागत नाही, म्हणून कोळी घरी सापडतो. तेव्हापासून बैठक अष्टमीलाच, दुपारी तीनला, त्यांच्या ओटीवर. नवं कॅलेंडर आलं की त्या वर्षभराच्या अष्टम्यांवर हळदीचा एकेक टिपका लावून ठेवत. अशा कितीतरी दुपारी मी तिथे वही घेऊन बसलो. समोरची खाडी भरतेय की उतरतेय ते कळत नसे. नांगरलेल्या होड्या कुठेच तोंड न वळवता थांबलेल्या, तिवरांच्या सावलीत एखादा बगळा, आणि ओटीवरचे चढलेले आवाज हळूहळू खाली येत गेलेले... त्या वह्या आज उघडल्या तर काही पानांवर फक्त पाण्याचा रंग लिहिलेला आहे.

तडजोड ठरली ती अशी: खाडीच्या तोंडाशी एक बांबू रोवायचा, त्याच्या आत बारीक आसाचं, पिल्लंही अडकतील असं जाळं कुणी टाकायचं नाही. तिवरांत राडारोडा पडू नये याची राखण वनखातं आणि वाडीवाले करतील. पहिल्याच वर्षी कुणीतरी बांबूच्या आत जाळं टाकलं. बैठकीत कुजबुज होती, नाव कुणी घेईना.

"आमचा नरेश व्हता," हिराबाय म्हणाल्या.

नरेश तिथेच बसला होता. "आय, घरात बोलली असतीस."

"घर माजं हाय. खाडी समद्यांची."

त्यांनी ते जाळं ओटीच्या आढ्याला टांगायला लावलं. मायलेक वर्षभर नीट बोलले नाहीत. जाळं उतरलं नाही.

शेवटची भेट झाली तेव्हा त्या खाटेवर होत्या. "मी गेली का ह्ये परत तिथी सोडून घड्याल बघून बसतील, आनि खाडीत कोनीबी शिरंल," म्हणाल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिल्या. "त्यो नरेश..." वाक्य पुरं झालं नाही.

त्या गेल्यानंतर तीन दिवसांनी अष्टमी होती. घरात सुतक. बैठक रद्द असणार असं धरून अंतोनकाकांनी खात्रीसाठी नरेशला फोन लावला. मी काकांच्या शेजारीच होतो.

"रद्द कशी?" नरेश म्हणाला. "टिपका हाय."

तीन वाजता बैठक सुरू झाली. वनाधिकारी आल्या, वाडीवाले आले. सुतकाच्या घरात चूल नको म्हणून अंतोनकाकांनी थर्मासमधून चहा आणला होता. नरेश आईच्या जागेवर बसला नाही, खांबाला टेकून बसला. बैठकीनंतर तो काकांना होडीतून खाडीच्या तोंडाशी घेऊन गेला. बांबू जागेवर होता. आत जाळं नव्हतं.

ओटीवरचं जाळं अजून आढ्याला आहे. गेल्या आठवड्यात नरेशने नव्या वर्षाचं कॅलेंडर आणलं. जानेवारीच्या पानावर हळदीचे दोन टिपके आहेत.