आवाज येतो, जात नाही

आमच्या घरात कोणतीच वस्तू मार खाल्ल्याशिवाय चालत नाही. कूलरचा पंप पाणी ओढेनासा झाला की पत्र्यावर लाथ बसते, मिक्सरच्या डोक्यावर थाप बसते, आणि गॅसचा लायटर आई ओट्यावर आपटूनच वापरते. ‘लातों के भूत बातों से नहीं मानते’ ही तिची लाडकी म्हण. लहानपणी ती आम्हा तिन्ही भावंडांवर मनसोक्त वापरून झालेली आहे. बाबा लवकर गेले, आईनं एकटीनं आम्हाला वाढवलं, आणि समजावत बसायला तिला वेळ नव्हता. तिचा रागीट स्वभाव माझ्यात उतरला, थोडा धाकट्या भावात उतरला, मधल्या बहिणीत मात्र अजिबात उतरला नाही. माझं लग्न झालं नाही ते माझ्या जिभेमुळे, असं सगळे नातेवाईक सांगतात. बहिणीचं झालं, कारण ती गरीब गाय.

मागच्या उन्हाळ्यात ही गरीब गाय एका बॅगेनिशी नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरी परत आली. डाव्या हाताला प्लास्टर होतं. बाथरूममध्ये पडली, म्हणाली. आईनं विचारलं, मी विचारलं, ओरडून विचारलं, पण “पडली ना वं” यापुढे ती जाईना. सासरचं नाव काढलं की मात्र तिला ओकारी येई. मग आठवड्यातच नवऱ्यानं त्याच्या शहरातल्या कोर्टात दावा टाकला. बायको कारण नसताना घर सोडून गेली, तिनं नांदायला यावं. नांदायला! किती गोड शब्द आहे. मला तो दाव्याचा कागद चावून त्याच्या तोंडावर थुंकावासा वाटला.

कोर्टानं आधी दोघांचं वेगवेगळं ऐकून घ्यायला एक समुपदेशक बाई नेमल्या. बहीण नवऱ्यासमोर उभी राहायला घाबरते, असं आमच्या वकिलानं सांगितलं तेव्हा बाईंनी व्हिडिओवर बोलायला परवानगी दिली. नवऱ्याचं सांगून झालं होतं. आता बहिणीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि बाई ते लिहून जजसाहेबांकडे पाठवणार. ती बोलली तर सुटणार होती. नाही बोलली तर ‘घर सोडायला कारण नव्हतं’ असंच कागदावर येणार होतं. आमच्या घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता.

पहिल्या दिवशी भर दुपारी आम्ही खिडक्या लावल्या आणि आवाज नको म्हणून कूलर बंद केला. मे महिन्यातल्या नागपुरात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. बहीण लॅपटॉपसमोर बसली, मी पलंगावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. बाई स्क्रीनवर आल्या. त्यांचा आवाज स्वच्छ येत होता. त्यांच्या मागच्या पंख्याची करकरसुद्धा येत होती. बहिणीनं आठवडाभर मनात जुळवलेलं पुस्तकी मराठी सुरू केलं.

“त्या दिवशी त्यांनी मला...”

“तुमचा आवाज तुटतोय. पुन्हा सांगा.”

“त्या दिवशी त्यांनी मला...”

“नाही आलं. त्यांनी काय केलं? पुन्हा सांगा बरं.”

जी गोष्ट सख्ख्या आईला सांगता आली नाही, ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सांगायची. बहिणीचे ओठ पांढरे पडले. बाई पुढे झुकून, कानाला हात लावून विचारत होत्या आणि आमच्याकडून त्यांना तुकडे जात होते. शेवटी ती म्हणाली, “काही नाही मॅडम. मी पडले होते.” आणि नेमकं तेवढंच त्यांना नीट ऐकू गेलं.

कॉल संपल्यावर मी चप्पल काढून राउटरला हाणली. तो भिंतीवरून लोंबकळला, पण त्याचे हिरवे दिवे बिनदिक्कत लुकलुकत राहिले. मग मी नेटवाल्यांच्या तक्रार केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी बाहेरगावची असावी. तिनं विचारलं, “मॅडम, लाईन चालू आहे का?”

आमच्या नागपुरात लाईन म्हणजे वीज. मी म्हटलं, “लाईन नसती तर पंखा कसा फिरला असता?”

“पंखा? मॅडम, मी लाईनबद्दल विचारतेय.”

“अन् मी कायच्याबद्दल सांगून राहिली? लाईन हाय! आवाज जाऊन नाई राहिला!”

“लाईट नसेल तर वीज कंपनीला...”

तुझ्या ऑफिसात येऊन एकेकाच्या टाळक्यात बत्ता घालते, असं मी तिला सांगितलं. तिनं अतिशय नम्रपणे माझी तक्रार नोंदवून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. त्यानं मोबाइलवर स्पीड मोजून दाखवला. काटा पार टोकाला गेला. “नेट फुल येऊन राहिलं ना मॅडम. घरात कोनी डाउनलोड करते का?”

आई, मी आणि बहीण, तिघींनी एकदम छताकडे पाहिलं.

वरच्या खोलीत भाऊ राहतो. इतवारीत ठोक कापडाच्या दुकानात कामाला आहे. सकाळी जातो, दिवेलागणीला येतो, पण त्याचा कॉम्प्युटर कधीच बंद होत नाही. जिन्यातून एक निळी वायर राउटरपासून त्याच्या खोलीत गेलेली आहे आणि तिच्यातून तो जगभरचे सिनेमे उतरवतो. कोरियातले, इराणातले, कुठले कुठले. पाहतो त्यातले फार थोडे. बायका जशा स्टीलचे डबे जमवतात तसा तो सिनेमे जमवतो.

मी त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवून घेतली नाही. “बंद करतो ना वं ताई,” तो म्हणाला, “सिनेमा काय बहिणीपेक्षा मोठा हाय का?” बहीण आली त्या दिवशी स्टेशनवर तोच गेला होता आणि तिच्या प्लास्टरकडे पाहून रस्त्यात रडला होता. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या वेळी तो अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी थांबला. वर जाऊन सगळी डाउनलोडं थांबवून आला आणि तसं आम्हाला सांगितलं. बाई स्क्रीनवर आल्या, आणि पहिल्या वाक्याला म्हणाल्या, “आवाज तुटतोय.”

मी पलंगाची चादर मुठीत धरून बसले होते. बहीण बोलत होती, थांबत होती, पुन्हा सुरू करत होती. बाईही कंटाळल्या असाव्यात. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “पुढची वेळ शेवटची. तेव्हाही तुम्ही काही सांगितलं नाही, तर मला तसंच लिहावं लागेल.” हे वाक्य अगदी घंटेसारखं खणखणीत आलं.

आईनं ते दाराआडून ऐकलं होतं. ती तडक जिना चढायला लागली. गुडघे धरून चढणारी बाई त्या दिवशी धावत चढली. वर गेल्या गेल्या तिनं भावाच्या कॉम्प्युटरची निळी वायर हिसडा मारून उपटली, दुहेरी केली आणि त्याच्यावर तुटून पडली.

“मुडद्या! माह्या पोरीचा जीव जाऊन राहिला अन् तुले सिनेमे पायजे?”

“आई, मी बंद केलं होतं वं! खरंच बंद केलं होतं!”

“खोटं बोलतं? अजून खोटं बोलतं?”

वायर हवेत सुंई करून फिरायची आणि त्याच्या दंडावर, पाठीवर, तोंड झाकलेल्या मनगटावर बसायची. सव्वीस वर्षांचा बाप्या, आईला एका हातानं उचलून बाजूला ठेवू शकला असता. तो भिंतीला टेकून मार खात राहिला. मनगटावर रक्त आलं. मी दारात उभी होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? कुणाला तरी मारायलाच हवं होतं, आणि ज्याला मारायचं होतं तो शेकडो मैल लांब होता.

तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी खाली बसलं. बहीण आमच्यामागून वर आली होती. ती भिंतीशी उकिडवी बसली होती, गुडघ्यात डोकं, आणि प्लास्टरचा हात डोक्यावर आडवा धरलेला. वायर भावाला लागली की अंग तिचं दचकायचं. आवाज मात्र अजिबात नाही.

आईचा हात थांबला. “तुले कोन मारून राहिलं वं?” तिनं धापा टाकत विचारलं. “याले मारून राहिली ना मी. तू काहून बसली अशी?”

बहीण उठेना. आईला काही कळलं नाही, मलाही कळलं नाही. मी तिला धरून खाली नेलं, पाणी दिलं, आणि पुन्हा वर आले, कारण माझं भावाशी भांडण बाकी होतं.

तो मनगट चोखत कॉम्प्युटरपुढे बसला होता. आईनं टाकून दिलेली वायर त्यानं उचलली आणि परत खोचली. मारामारीत टोकाचा प्लास्टिकचा चाप तुटला होता, त्यामुळे वायर अंगठ्यानं दाबून धरावी लागत होती. “पाह्य,” तो म्हणाला, “सगळं थांबवेल हाय का नाई?”

खरंच होतं. सिनेमांच्या नावांपुढे ओळीनं ‘थांबवलं’ असं दिसत होतं. पण मी वाकले आणि मला खाली दुसरी रांग दिसली. तिथल्या सिनेमांपुढे वर जाणारा बाण होता आणि आकडे भराभरा पळत होते.

“अन् हे?”

“ते तं पूर्ण झालेले हायेत. ते मी घेऊन नाई राहिलो ना वं, ते देऊन राहिलो.”

“कोनाले?”

“लोकाइले. ज्याले पायजे त्याले.” मग त्यानं मार विसरून मला समजावून सांगितलं. असे सिनेमे उतरवणाऱ्यांचा नियमच तसा असतो. जेवढं घ्यायचं तेवढं वाटायचं. नुसतं घेऊन पळणाऱ्याला तिथं मुफ्तखोर म्हणतात. आपण रात्रंदिवस वाटतो याचा त्याला केवढा अभिमान होता! घेणं थांबवताना देणंही थांबवावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. देण्यानं कुणाचं काय बिघडतं?

बोलता बोलता त्याच्या स्वतःच्याच ध्यानात आलं. आमच्या नेटमध्ये येणारा रस्ता रुंद होता आणि जाणारा अरुंद, आमच्या इतवारीतल्या बोळांसारखा. नेटवाल्याच्या माणसानं येणाराच मोजला होता. जाणाऱ्या बोळात भावाच्या सिनेमांचे हातठेले चाकाला चाक लावून उभे होते, आणि माझ्या बहिणीचा आवाज त्यांच्यामागे अडकून पडला होता. म्हणून बाईंचं सगळं आम्हाला ऐकू यायचं आणि आमचं त्यांना नाही.

“द्यायलेबी जागा लागते का वं?” त्यानं विचारलं. त्याचा चेहरा मला पाहवेना. मी त्याला एक टपली मारली, पण ती हळू होती.

त्यानं सगळं वाटप बंद केलं. पुढे कधी सुरू केलंच तर चिमूटभरच बाहेर जाईल अशी मर्यादा घालून ठेवली, आणि कॉम्प्युटरच बंद करून टाकला. मग गच्चीवर जाऊन मोबाइलच्या नेटवरून बहिणीला व्हिडिओ लावला आणि तिला पाढे म्हणायला लावले. तिनं बारकं हसत तेराचा पाढा म्हटला. एकही आकडा तुटला नाही.

शेवटच्या दिवशी भावानं निळी वायर जिन्यातून ओढून खाली आणली. हवेतल्या नेटपेक्षा वायर पक्की, म्हणाला. ती वेटोळी टेबलावर ठेवताच बहिणीनं खुर्ची मागे सरकवली.

“वायर नको.”

“पक्कं राहते वं. अधेमधे तुटलं तं काय करशीन?”

तिनं वायरीवरची नजर न काढता खुर्ची पुन्हा पुढे ओढली. “बरं,” ती म्हणाली, “पन तू पकड. सोडू नको.”

चाप तुटलेलाच होता. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भाऊ टेबलाखाली मांडी घालून बसला आणि हात वर करून वायरचं टोक लॅपटॉपच्या कडेला दाबून धरलं. त्याच्या दंडावरचे वळ अजून निळे होते. आई दारात उभी राहिली. तिला जा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

बाई आल्या. “आज आवाज चांगला येतोय,” त्या म्हणाल्या. “सांगा.”

बहिणीनं पुस्तकी मराठी सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. “मॅडम, मी पडली नाई,” ती म्हणाली. “हात त्यानं दारात चेपला. पन तो पहिला दिवस नाई. तो रोज हातानं नाई मारत, हाताले लागते म्हून. चार्जरची वायर राहते ना, ती दुहेरी करते अन् मारते. मी भिंतीपाशी बसून डोकं झाकून घेतो, तं पाठीवर मारते. आवाज केला तं जास्त मारते, म्हून मी आवाज नाई करत.”

 तो समोर असता तर मी त्याचा जीव घेतला असता, हे मी आजही शांतपणे लिहू शकते. आईनं दाराची चौकट धरली होती. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती. 

स्क्रीनवर बाई हलत नव्हत्या. नेट पुन्हा अडकलं असं वाटून मी अर्धी उठले. मग त्यांनी चष्मा काढला.

“ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “सगळं ऐकू आलं. पुन्हा सांगायची गरज नाही. आज इथंच थांबू या का?”

बहिणीनं लॅपटॉपच्या कडेला पाहिलं. भावाचा अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता, आणि त्यानं तो काढला नव्हता.

“नाई मॅडम,” ती म्हणाली. “आवाज जाऊन राहिला तं सारं सांगून घेतो.”