मामांचा डावा हात

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडहून अहमदपूरच्या एसटीत बसलेलो, त्यांनाच भेटायला निघालेलो. मामी शांतपणे म्हणाली, "जेवून पडले ते उठलेच न्हाईत. तू ये सावकाश." जन्मात एकदा मी वेळेवर निघालो होतो, तरी उशीर झालाच...

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मामांची हयात गेली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की पहिला नारळ फोडायचा मान त्यांचा. पुढं त्याच यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात अडकला, बोटं गेली. तेव्हा मालक म्हणाले, हा माणूस आमचा नाहीच, ठेकेदाराचा. मामांना बोटांपेक्षा हे जास्त लागलं. "माझ्या हातचा नारळ चालतो, मी चालत न्हाई व्हय?" एवढंच म्हणायचे.

मामांनी भरपाईचा दावा लावला; खालच्या कोर्टात मामा जिंकले, मालक हायकोर्टात गेले. घरातला शिकलेला म्हणून वकिलांना माझा नंबर दिलेला. एक दिवस वकील फोनवर म्हणाले, अपील फेटाळलं. मी तसाच मोटारसायकलवर अहमदपूर गाठलं आणि मामांशेजारी बसून नशीब, धीर, देव असं बरंच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अपील कुणी केलतं?"

"मालकानं."

"मग रडायलास कशाला, येड्या? मामीला चहा टाकाय सांग."

ठेकेदार मधे असला तरी काम मिलचं, म्हणून भरपाईची जबाबदारी मालकाची, असा तो निकाल. मामांनी त्याचा सरळ अर्थ लावला : आपण मिलचे. त्या खंडेनवमीला ते धुतलेलं धोतर नेसून, न बोलावता मिलमध्ये गेले. सोबत मी, भांडण झालंच तर आधी पळायला. मिलचे मालक, शेट, पूजेपाशीच उभे होते; ताटातला नारळ उचलून त्यांनी मामांपुढं धरला. मामांनी तो डाव्या हातात घेतला. डावा हात पूजेला चालत नाही, असं कुणीतरी पुटपुटलं.

"चालतो," शेट म्हणाले.

पहिला फटका चुकला. दुसऱ्याला नारळ फुटला, पाणी शेटच्या विजारीवर उडालं आणि सगळ्यांत आधी मामाच हसले.

परवा लेकीनं स्कूटी घेतली. मामा होते तोवर आमच्या घरातला प्रत्येक नारळ त्यांनीच फोडलेला, त्यामुळं मला त्यांचीच पद्धत ठाऊक. नारळ डाव्या हातात धरला. पहिला फटका चुकला.

"बाबा, उजव्या हातानं फोडा की," लेक म्हणाली.

"उजव्यानं येत नाही गं," म्हटलं, आणि दुसरा मारला.