सोमाजी भाऊंचा रोवणा

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावाच्या स्टेशनात नागभीडकडे जाणारी छोटी गाडी उभी होती आणि बाबा माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी माझी पेटी डब्यात ठेवली, खाली उतरले आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर थांबले. माया दाटून आली होती म्हणून नव्हे. त्यांना गावात परत जाऊन पंचांना सांगायचं होतं, "पोरगा गेला. मी डोळ्यानं पायला." ते ऐकल्याशिवाय आमच्या शेतात कुणी पाय ठेवणार नव्हतं, आणि शेतात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळी पडायला लागली होती.

गावात राहिलेल्यांना हे ठाऊक आहे, पण त्यांच्या तऱ्हेने. माझ्यासारखे निघून आलेले मला विचारतात, "धर्म बदलला म्हणून काढलं ना?" मी बरीच वर्षं हो म्हणत आलो. ते खरं नव्हतं.

आमचं गाव सावली या बाजारगावापासून दोन कोसांवर. घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी चांद्याला मॅट्रिक झालो आणि नागपूरच्या कॉलेजात गेलो, ते बाबांनी एकट्याने नांगर हाकला म्हणून. त्यांचे उपकार मी कधी विसरलो नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बुकबाइंडरच्या घरी मी खोली घेतली. सगळे त्यांना काका म्हणत. जेवणाआधी काका डोळे मिटून असे बोलत, जणू समोरच्या पाटावर कुणी बसलंय. मी आयुष्यभर पळत होतो. परीक्षेमागे, गावाच्या अपेक्षेमागे, आपण कुठे कमी पडू या भीतीने. येशू थकल्याभागल्यांना जवळ बोलावतो, हे काकांच्या तोंडून ऐकलं आणि लांब चालून आलेल्या माणसाने ओझं उतरवून बसावं तसा मी बसलो. त्याच हिवाळ्यात बाप्तिस्मा घेतला.

सुट्टीत घरी जाऊन सांगितलं. माय रडली. गावाने चेष्टा केली. "या सायेब!" एवढ्यावर बहुतेक ते भागलं असतं. पण नव्या माणसाला असतो तसा मला नेमाचा जोर होता. रविवार हा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी काम नाही. हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. काका तर रविवारी प्रार्थनेहून आले की खुशाल पुस्तकं शिवत.

आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, पाळीपाळीने होतो. आज सगळं गाव तुमच्या बांधीत, म्हणजे चहूकडे धुरा, बांध घातलेल्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. बायका रोवतात, पुरुष पऱ्हे उपटतात, आणि ज्याच्याकडे बैल असतील त्याने चिखल करून द्यायचा. त्या वर्षी सोमाजी भाऊंचा एक बैल मेला होता. ते आमचे शेजारी. मला लहानपणी खांद्यावर बसवून बाजारात नेणारे. त्यांच्या पाळीला आमची जोडी जायची होती. बाबा तापाने पडलेले, म्हणून बैल घेऊन मी जायचं ठरलं. आणि तो रविवार निघाला.

मी गेलो नाही. सोमाजी भाऊ स्वतः दारात आले.

"काऊन रे, बैल कुठी हायेत? बाया धुऱ्यावर बसून राह्यल्या."

"भाऊ, आज माझा विसाव्याचा दिवस आहे. उद्या पहाटे येतो."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग हसू ओसरलं. "असं? मंग पऱ्ह्यायले सांगून दे बापा, आज आयतवार हाये, वाढू नोका!"

तरी मी उठलो नाही. खाटेवर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसलो आणि आपण देवासाठी सोसतोय असं मला वाटत राहिलं. उद्या येतो म्हणालो खरा, पण सोमवारपासून आमच्या जोडीची पाळी दुसऱ्यांकडे लागलेली होती. तीन दिवसांत सोमाजी भाऊंच्या बांधीतलं पाणी आटलं आणि पाऊस पुढे आठ दिवस फिरकला नाही. त्यांची मोठी बांधी त्या वर्षी पडीक राहिली.

मग पंच बसले. "हा पोरगा गावात हाये तवरी याच्या बांधीत कोनी उतरनार नाई." बाबा अंगात ताप असताना उठून बसले आणि मला एवढंच म्हणाले, "देव बदलला, त्याचं मले काई नाई. पन सोमाजीच्या बांधीत जाऊ नोको, हे कोनत्या देवानं सांगतलं तुले?"

मी रागावलो आणि पेटी भरली. गाडीत बसलो तो रागानेच.

मी गेल्यावर चौथ्या दिवशी आमचा रोवणा झाला, असं गावाकडच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. मी बी.ए. झालो, कचेरीत कारकून लागलो. इथे नागपुरातही कुणी फुलं घेऊन उभं नव्हतं. कचेरीत माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवत. प्रार्थनामंदिरात एकदा एका गृहस्थाने विचारलं, "मूळचे कोण तुम्ही?" आणि उत्तर ऐकून बाकावर जरा सरकून बसला. आणि दर रविवारी मी गुडघे टेकले की माझं सोमाजी भाऊंशी भांडण सुरू होई. मी बोलायचो, ते बोलायचे, मी त्यांना गप्प करायचो. विसावा मागायला बसायचो आणि घामेजून उठायचो. ज्याच्यासाठी गाव सोडलं तेच माझ्याजवळ उरलं नव्हतं.

एकदा काकांना सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तकाला टाका घालता घालता विचारलं, "त्या माणसाची बांधी कुणामुळे पडीक राहिली?"

"माझ्यामुळे."

"मग देवाला काय समजावत बसतोस? त्याला जाऊन सांग."

सहा वर्षांनी, आषाढात, मी गेलो. बाबा थकले होते. मायने घरात न घेता बाहेरच्या छपरीत बसवलं, पळसाच्या पानावर वाढलं. पंचांचा धाक अजून होता. बाबांना म्हटलं, "सोमाजी भाऊंची पाळी कधी?" ते म्हणाले, "उद्या." दुसऱ्या दिवशी बाबांना मागे ठेवून बैल मी घेतले.

सोमाजी भाऊ धुऱ्यावर उभे होते. बाया ओणव्या होत्या, त्या सरळ झाल्या. मी म्हणालो, "भाऊ, त्या वर्षी तुमची बांधी माझ्यामुळे पडीक राहिली. चूक माझी होती. देवाची नव्हती." हे वाक्य मी आगगाडीत घोकत आलो होतो.

त्यांनी माझ्या हातातून कासरा घेतला. "बैल राहू दे. ते तुह्या बापाचे हायेत. तू भाईर निघ."

"भाऊ..."

"निघ म्हनलं ना! पोराईले उपाशी झोपवलं म्या त्या साली. चूक झाली म्हनल्यानं पोट भरते का?"

एक बाई मागून म्हणाली, "जा ना सायेब, निज जाऊन, तुले विसावा लागते!" आणि सगळा धुरा हसला.

मी बाहेर आलो. रस्त्यावर उभा राहून आतल्या भांडणाची वाट पाहिली. ते सुरूच झालं नाही. सोमाजी भाऊंना गप्प करावं असं काही सुचलंच नाही. ते बरोबर बोलले होते आणि मला त्यांच्याकडून काही नको होतं. अपमान अंगावर ओला होता, पण आत कुणीतरी शांतपणे बसलेलं होतं, ज्याला माझी चूक सगळी ठाऊक होती आणि तरी तो उठून जात नव्हता. नागपूरच्या पहिल्या हिवाळ्यात जे मिळालं होतं, ते मी नेमाच्या कुंपणाने राखू पाहिलं होतं. ते राखायचं नसतंच.

छपरीत परतलो तेव्हा बाबांनी विचारलं, "सोमाजीनं बैल ठेवले?"

"ठेवले."

"आन तुले?"

"हाकललं."

त्यांनी रिकाम्या दावणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बैल ठेवले ना. मंग झालं."

गावाने मला अजून घेतलेलं नाही आणि घेईल असं वाटत नाही. ज्यांना परतीची आशा आहे त्यांना मी खोटा धीर देणार नाही. नागपूरची ही खोली मला पुरते, पण तिला मी घर म्हणत नाही. जिथे मला माझी बाजू मांडावी लागत नाही, तिथे, त्या आत बसलेल्याजवळ, मी आता राहतो. सोमाजी भाऊंचं नाव रोज प्रार्थनेत घेतो. ते मला घेणार नाहीत, हे धरूनच घेतो.