सावलीत ठेवलेली सूर्यचूल

बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात आम्ही चार पोरांनी सुताराकडून एक सूर्यचूल करून घेतली होती. लाकडी पेटी, आतून काळा रंग, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. उन्हात ठेवली की तीन तासांत डाळ शिजते. हे मी स्वतः पाहिलं होतं, त्यामुळे जे लोक अजून चूल पेटवतात त्यांचा मला मनापासून राग येई. रॉकेल मिळत नाही, सरपणासाठी बाया कोस कोस चालतात आणि डोक्यावरचा सूर्य नुसता वाया चाललाय, असं मी आमच्या प्रचाराच्या पत्रकात खणखणीत लिहिलं होतं.

पेटी एसटीच्या टपावर टाकून मी श्रीगोंद्याकडच्या एका गावात गेलो. ज्या घरी उतरलो तिथल्या वहिनींचा भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी सुप्याहून जेवायला येणार होता. त्याच्यासाठी त्यांनी ओंजळभर तूरडाळ जपून ठेवली होती. सकाळी भाकरी थापून झाल्यावर त्या डाळ चुलीवर चढवणार, तेवढ्यात मी आडवा आलो.

"विझवा ती चूल," म्हणालो. "डाळ मला द्या. बारापर्यंत शिजली नाही तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"दादा, भाऊ वरसानं येतोय. त्याला कोरड्या भाकरीवर उठवायची पाळी आनू नका."

एवढं बोलून त्यांनी चुलीवर पाणी शिंपडलं आणि त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या.

मी पेटी अंगणात मांडली, डाळ-पाण्याचं भांडं आत ठेवलं, आरसा नीट लावला आणि चावडीवर जाऊन भाषण सुरू केलं. सूर्य फुकट आहे, म्हणालो.

"फुकट हाय म्हनूनच एवढा दिलाय व्हय आमाला?" एक म्हातारा म्हणाला.

"त्यानंच रानं जाळली, आन आता त्यालाच सैपाकाला बशीवता?" दुसऱ्यानं विचारलं.

यांची उत्तरं पत्रकात नव्हती, म्हणून मी आवाज वाढवला. तीन तास बोललो.

बाराला परत येऊन पाहतो तर अंगण रिकामं. पेटी लिंबाच्या सावलीत, तिच्यावर ओलं पोतं. शेजारी वहिनींच्या सासूबाई पदरानं तिला वारा घालत बसलेल्या.

"आजी, हे काय केलंत?"

"अरं लेकरा, उनात इसरून गेल्तास. काच तडाकली असती. आन भिजली डाळ उनात आंबती, एवढं बी कळंना व्हय रं? शेजारनीला हाक मारली, दोघींनी वढत आनली. जड लई."

मला भयंकर संताप आला. पण काढणार कुणावर? चावडीवर तीन तास घसा फोडला होता. पण दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या आजींना पेटी कशासाठी आहे हे सांगायचं राहिलं होतं. झाकण उघडलं. डाळ सुरेख भिजली होती.

तेवढ्यात वहिनी आल्या, मागोमाग भाऊ. त्याला दोनच्या एसटीनं परतायचं होतं. वहिनींनी डाळ चुलीवर चढवली. फुंकणी माझ्या हातात दिली. धुराविरुद्ध मी तीन परिच्छेद छापले होते, पण आयुष्यात चूल फुंकलेली नव्हती. सकाळी विझवलेली ओली लाकडं नुसती धुमसत होती, माझ्या डोळ्यानाकातून पाणी वाहत होतं, आणि भाऊ उंबऱ्यावर बसून बहिणीला विचारत होता, "ह्ये पावनं चुलीच्या इरुद्धचं ना?"

दीड वाजता डाळ वाढली. अर्धी कच्ची. भावानं पहिला घास बराच वेळ चावला.

"ब्येस झालीया," तो म्हणाला. "दाताखाली येती." आणि बहिणीकडं न बघता ताट पुढं केलं. "वाढ आनखी."

तो गेल्यावर मी माफी मागू लागलो, तर वहिनींनी मला मध्येच थांबवलं. "उद्या शिजवायला हुलगे देते. पन आदी आत्याबाईस्नी इचारा. घरात त्याच असत्यात."

दुसऱ्या दिवशी पत्रक पिशवीतच ठेवून मी सासूबाईंसमोर बसलो. सगळं सांगून झालं. त्यांनी काचेवर बोट फिरवून पाहिलं.

"भाकरी भाजती का हिच्यात?"

"नाही."

"मग चूल इझवा म्हनून कशाला हिंडतोस?"

त्या उठल्या, हुलग्यांचं भांडं आत ठेवलं आणि पेटी उन्हात न्यायला मला तिचं दुसरं टोक धरायला लावलं.