वरचं शृंगी

एका शब्दावर जन्मभर इतका जीव लावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझे चुलत सासरे कोल्हापुरात विज्ञान शिकवत, आणि त्यांचा तो शब्द होता ‘शृंगी’. शिंग ज्या द्रव्याचं बनतं, त्या द्रव्याचं जे जे असेल ते शृंगी. नखं शृंगी, खूर शृंगी, पोपटाची चोचही शृंगी. लग्नानंतर मी पाया पडायला वाकलो, तर आशीर्वादाआधी म्हणाले, “जावईबापू, सांभाळून. टाचा शृंगी झाल्यात, बोट खरचटेल.” पानात केस निघाला तरी ते रागावत नसत, “तेही त्याच जातीचं द्रव्य,” म्हणून बाजूला काढून ठेवत. चुलत सासूबाई आतून म्हणायच्या, “ह्यांचं डोकंसुद्धा आतपर्यंत तसलंच आहे.”

नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले आणि रोज सकाळी दूध कट्ट्यावर जाऊ लागले. तिथं गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे मीही सोबत असे. फेसाळ पेला हातात धरून मास्तर शिंगाकडे बोट दाखवत. “वरचं कवच शृंगी, त्यात जीव नाही. आत हाड आहे, त्यात रक्त आहे.” तोवर दूध गार होई. आप्पा गवळी म्हणायचे, “मास्तर, शिंगाला शिंगच म्हणा की! म्हशीला तरी कुठं ठावं हाय?” सगळा कट्टा हसे, मास्तरही हसत. परतताना मात्र मला म्हणत, “इतकी वर्षं शिकवलं. परीक्षेच्या पेपराबाहेर हा शब्द एकानं तरी वापरलेला ऐकायचाय.”

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. त्याआधी शिंगं तासून रंगवतात. एका वर्षी आप्पांनी हौसेच्या भरात जरा जास्तच तासलं आणि रक्त आलं. त्यांची लाडकी म्हैस मिरवणुकीला मुकली. “मी सांगत होतो,” असं मास्तर म्हणाले नाहीत. घरून हळद घेऊन गेले आणि दुपारभर तिच्याजवळ बसून राहिले.

पुढे काही वर्षांनी ते गेले. त्या दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या सकाळी, मी एकटाच कट्ट्यावर गेलो. आप्पांचा धाकटा भाऊ जोर लावून शिंग तासत होता. आप्पा ओरडले, “आरं, हळू! वरचं शृंगी हाय तेवढंच काढ. आत जीव हाय तिला!”

कुणी हसलं नाही. भावानं हात हलका केला.

माझ्या हातात पेला होता. दूध पार गार झालं, तेव्हा कुठं मी तो तोंडाला लावला.