पूर्वेकडचे चार मजले

काकासाहेबांना चिडलेलं पाहायचं असेल, तर त्यांच्यासमोर नुसतं ‘नियमावली’ म्हणावं. खरं तर माणूस नियमाचाच. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्मभर कारकुनी केली. गाडीवानानं कितीही गयावया केली तरी काटा दाखवेल तेच लिहिलं.

राहुरीच्या कडेला त्यांची कॉलनी. प्लॉट पडले तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं होतं, की घरं बैठीच ठेवायची. नगरपालिकेनंही ते मानलं होतं. त्यामुळे काकासाहेबांच्या गच्चीवर दिवस उगवताच ऊन यायचं. जिना घराच्या बाहेरून होता. उन्हाळ्यात कॉलनीतल्या बायका कुणाला न विचारता चिकाची पातेली घेऊन वर जायच्या, आणि काकासाहेबांच्या बायकोच्या, मनकर्णाकाकूंच्या देखरेखीखाली घरोघरच्या कुरडया तिथंच पडायच्या.

पूर्वेकडचा प्लॉट श्रीमंतरावांचा. ते वारले, आणि त्यांच्या मुलानं, अजिनाथनं, तिथं चार मजल्यांचं बांधकाम काढलं.

“सकाळचं ऊन गेलंच म्हना आता,” काकू म्हणाल्या. “दुपारच्या उन्हात कुरडया घालायला आमी काय तरन्या हाय? करा कायतरी.”

काकासाहेब कचेरीत गेले. तिथला साहेब अदबीनं बोलणारा होता, त्यामुळे भांडताही येईना.

“काका, तुमचं ठरलेलं कॉलनीपुरतं. आता राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे. तिच्यात बसतंय म्हटल्यावर आम्ही नाही कसं म्हणणार?”

“पण तिथं राहतं कोण? राज्य का आम्ही?”

“तुम्हीच,” साहेब म्हणाला. “चहा घेणार?”

काकासाहेबांनी चहा घेतला नाही. बांधकाम मोजायला इंजिनिअर पाठवा, असा हट्ट धरून बसले. सहा हेलपाट्यांनंतर तो आला. सगळी कॉलनी जमली. काकासाहेबांनी टेपचं एक टोक स्वतः धरलं. अजिनाथनं सोडलेली जागा चोख निघाली. उलट वीतभर जास्तच.

इंजिनिअर टेप गुंडाळता गुंडाळता अलीकडे वळला. “आणि हा बाहेरचा जिना कुणाचा?”

“माझा!” काकासाहेब छाती काढून म्हणाले. “सगळ्या कॉलनीच्या उपयोगाचा आहे.”

“हा मोकळ्या सोडायच्या जागेत येतोय. परवानगी?”

परवानगी श्रीमंतरावांची होती. कुंपणावर हात ठेवून ते म्हणाले होते, “बांध की गड्या, माझं काय जातंय?” त्या काळी शेजारी हो म्हणाला की काम व्हायचं. पण हे कागदावर कुठून आणायचं?

“काय गरज हुती जिना माझा म्हनून सांगायची?” घरात आल्यावर काकू म्हणाल्या. “न्हाई, वर आनि छाती काढून!”

महिन्याभरात जिना पाडावा लागला. घरातून वर जायला वाट नव्हतीच. गच्ची डोक्यावर होती, आणि तिच्यावर फक्त कावळे जात होते.

पुढच्या उन्हाळ्यात अजिनाथची इमारत उभी राहिली. एके सकाळी तो दारात आला. “काकू, आमच्या गच्चीवर चला. लिफ्ट हाय, पातेली उचलायला नकोत.”

“जाऊ नकोस,” काकासाहेब म्हणाले.

“मग काय कुरडया तुमच्या डोक्यावर घालू?” म्हणत काकू गेल्यासुद्धा.

थोड्या वेळानं वरून हाका सुरू झाल्या. “अहो, सोऱ्या घरीच राहिला! घिऊन या!”

तेवढ्यात वीज गेली. लिफ्ट बंद. काकासाहेब प्रत्येक वळणावर नियमावलीचा उद्धार करत जिन्यानं चढले. वर पोचले तेव्हा बोलायला दम उरला नव्हता. गच्चीभर स्वच्छ ऊन पसरलं होतं. बायका हसत होत्या. अजिनाथ मात्र कठड्याला टेकून पूर्वेकडे बघत होता.

“काका, पलीकडचा प्लॉट विकला.”

काकासाहेबांनी नुसती मान वर केली.

“त्याच्यापुढचा रस्ता रुंद हाय. सात मजले मिळनार म्हनं.”

काकूंनी सोऱ्यात चीक भरता भरता हात थांबवला. अजिनाथ जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, “काका, हरकतीचा अर्ज कसा लिव्हायचा असतो वो?”

काकासाहेब चिकाच्या पातेल्याशेजारी फतकल मारून बसले.

“आधी पाणी आण,” ते म्हणाले. “आणि माझ्याशी जरा वेळ बोलू नकोस.”