लावणीला सुट्टी नाही

कारखान्यात हजेरीचं काम अंगावर घेतलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच येऊन टेबलावर बसतात. भोरच्या पुढे आमचा नाचणीच्या बिस्किटांचा छोटा कारखाना. मला वाटायचं, आता धक्का बसण्यासारखं काही उरलेलं नाही. मग मालकांनी पुण्याहून ऋचाला मॅनेजर म्हणून आणलं. नुकतीच एमबीए झालेली पोरगी.

*

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मला मॅडम म्हणायचं नाही. नुसतं ऋचा."

भट्टीवरचे धोंडिबा घाबरून माझ्याकडे आले. "आवं, सायबाला नावानं हाक मारल्यावर नोकरी ऱ्हाईल का?"

शेवटी साठीला टेकलेल्या त्या माणसानं तिला 'ऋचाताई' करून टाकलं.

*

मग तिनं मीटिंग घेतली. "माझं काय चुकतं, मोकळेपणानं सांगा."

आमच्याकडे साहेबाची चूक तोंडावर कोण सांगणार? शेवटी धोंडिबा म्हणाले, "तुमी नीट जेवत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मॅनेजर डबा घेऊन भट्टीशेजारी बसायला लागली. मी गारच पडलो.

*

मालकांचं माणूस निवडायचं शास्त्र वेगळं. मार्कांच्या आधी ते पत्ता बघतात. गावाकडे शेती असली की नापास, कारण हंगाम आला की माणूस गायब!

भोंगवलीचा एक पोरगा मुलाखतीत म्हणाला, "आमाला शेतीच न्हाई." मालक हात मिळवायला पुढे झाले आणि त्याचा हात धरूनच म्हणाले, "एवढे घट्टे काय मोबाईलनं पडले?"

पोरगा चांगला शिकलेला होता. मला मालकांचा राग आला.

*

पॅकिंगला हिर्डोशीची सुनंदा हंगामी कामावर होती. नवरा पुण्यात टेम्पो चालवतो, घरी सासू, तिचे गुडघे धरलेले. मालकांनी बजावलं होतं, "लावणीला दांडी मारलीस तर कायम करणार नाही."

गावात लावणी इर्जिकीनं होते. सगळ्यांनी मिळून आज याच्या शेतात राबायचं, उद्या त्याच्या. ज्या घरचं माणूस रांगेत नाही, त्याच्या शेतात कुणी उतरत नाही.

"नोकरी तरी जाईल, न्हाईतर भात तरी," म्हणत सुनंदा पुडे भरता भरता रडत होती.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सुनंदा कामावर हजर आणि मॅनेजर रजेवर!

मालक भडकले. "ऐन कामात ही गेली कुठं?"

"हिर्डोशीला," मी तिचा रजेचा अर्ज बघून म्हणालो. "सुनंदाच्या घरचं माणूस म्हणून लावणीला."

त्यांनी मला गाडीत घातलं आणि थेट हिर्डोशी गाठली. त्या दिवशी पाळी सुनंदाच्याच शेताची होती. ऋचा चिखलात वाकलेली, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, लावलेली ओळ वाकडीतिकडी. शेजारच्या बायका हसून बेजार. मालकांचा आ वासलेला तसाच राहिला.

त्यांना तिथं कोण ओळखणार? बांधावर बसलेल्या सासूनं रोपांची मूठ त्यांच्या हातात दिली.

"उभं काय ऱ्हायलाय? उतरा की."

आणि मालक बूट काढून उतरले! उभ्या आयुष्यात मी एवढा हादरलो नव्हतो.

दुपारी भाकरी वाढताना म्हातारी त्यांना म्हणाली, "तुमी आमच्यात राबलासा. आता आमच्या घरचं माणूस तुमच्याकडं किती दिस धाडू?"

मालकांनी चिखलानं भरलेले पाय गवताला पुसले.

"सुनेलाच धाडा," ते म्हणाले. "कायमची."